वाकड्या भिंतीखालचा उपास

ऑगस्ट १९९६

प्रिय मार्लिस,

तुझे बाबा ठीक आहेत. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण व्हॉन्डा आत्याचं पत्र माझ्या आधी फिनलंडला पोचलं असणार आणि त्यात हेलिकॉप्टर असणार. हेलिकॉप्टर वगैरे काही नव्हतं. तुमच्या त्या घळीत आम्ही दोघं एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस अडकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातल्या माणसांनी दोर टाकून वर काढलं. बाबांचा गुडघा सुजलाय, म्हणून डॉक्टरने काठी दिलीय. ते ती घेऊन फिरतात, टेकवत मात्र नाहीत, तिने कुत्र्याला दिशा दाखवतात. पण जीव जायची वेळ आली होती, हे आत्याने लिहिलं असेल तर तेवढं खरं आहे. ती पाण्याच्या लोंढ्यामुळे आली नव्हती. लोंढा गेल्यावर, हाताशी पाणी असताना आली. तो भाग आत्याला माहीत नाही. गावात मी आणि तुझे बाबा सोडून कुणालाच माहीत नाही.

जूनच्या शेवटी तू पेट्रोलपंपावर फोन केलास तेव्हा मी एका जर्मन कुटुंबाच्या गाडीत पाणी भरत होतो. इंजिनातून वाफ येत होती आणि नवरा-बायको एकमेकांवर ओरडत होते. आतून पंपावरचा केंट ओरडला, “थेन, तुझा फोन, लांबून आहे, मुलगी आहे!” हे त्याने असं ओरडून सांगितलं की जर्मनांचं भांडणही थांबलं. तुम्हा चर्चच्या मिशनवर धर्मप्रचाराला गेलेल्या मुलींना नाताळ आणि मातृदिन सोडून फोन करायची परवानगी नसते. तोही घरी करायचा असतो. आमचा पेट्रोलपंप काही तुझं घर नव्हे. त्यामुळे तुझा आवाज ऐकून माझं काय झालं असेल ते सांगत बसत नाही. तू म्हणालीस, इथे रात्रच होत नाही, पडद्याला ब्लँकेट टांगलं तरी होत नाही. त्या वाकड्या भिंतीचा फोटो पाठव, तिच्याखाली भर उन्हाळ्यातही अंधार असायचा, तो पाठव, माणसं नकोत. आणखीही बोललीस. ते कुणाला सांगू नकोस म्हणालीस आणि मी हो म्हणालो. मग फोन तुटला, आणि जर्मन माणूस विचारत होता, यात अजून किती पाणी जाणार. मी म्हटलं, जाईल तेवढं.

आता ती भिंत मी कधी बघितलेलीच नव्हती. गावात निम्म्या लोकांनी फक्त नाव ऐकलंय. आत उतरायची वाट ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो माझ्याशी तू गेल्यापासून धड बोललेला नाही. तुझ्या बाबांच्या नजरेत मी कोण ते तुला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या इतर मुलांसारखा मिशनवर गेलो नाही, गेलो ते कॉलेजात. तेही तू विमानात बसलीस त्याच आठवड्यात सोडलं. गावाला सांगितलं मास्तरशी भांडलो. भांडलो होतोच, खोटं नाही. पण कुठल्या आठवड्यात भांडलो ते गावाने मोजलं असणार. इथे लोक दुसरं काय मोजतात?

तरी गेलो. ते तुमच्या मागच्या कुरणात पाण्याच्या टाकीखाली आडवे पडून व्हॉल्व्ह बसवत होते. मला फक्त बूट दिसत होते. मी बुटांनाच चर्चमध्ये मारतात तशी हाक मारून सांगितलं, ब्रदर ॲशबी, मार्लिसला वाकड्या भिंतीचा फोटो हवाय. बूट हलले नाहीत. मग आतून आवाज आला, “तिने तुला लिहिलं?” मी म्हटलं, कळवलं. “मला नाही कळवलं.” मग टाकीखालून एक हात बाहेर आला. “पाना दे. तो नाही, मोठा. कॉलेजात पाने शिकवत नव्हते का? का त्या तासाआधीच पळालास?” मी पाना दिला आणि तसाच उभा राहिलो. उलट उत्तर दिलं नाही, मार्लिस. हे लिहून ठेव, कारण असं फार वेळा होत नाही. बाहेर आल्यावर ते हात पुसत म्हणाले, “उन्हाळ्यात तिकडे सरडासुद्धा जात नाही. गुरं डोंगरावर असतात ती काय मूर्ख म्हणून? ऑक्टोबरमध्ये नेतो.” मी सांगितलं की ऑक्टोबरमध्ये सूर्य तिरका होतो. त्या चिंचोळ्या फटीत ऊन उतरतं ते फक्त उन्हाळ्यात, भर दुपारी. आणि वर ऊन असल्याशिवाय खालचा अंधार फोटोत दिसत नाही, नुसतं काळं दिसतं. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं. “अंधार दिसायला ऊन लागतं,” म्हणाले. “यासाठी कॉलेजात गेलास आणि तेही अर्धं.” पण पुढच्या शनिवारी सकाळी त्यांची पिकअप आमच्या दारात उभी होती.

तो ऑगस्टचा पहिला शनिवार होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, चर्चचा उपासाचा रविवार. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी खरं तर उपास गेली दोन वर्षं नीट केलेला नाही, आईला दाखवायला न्याहारी टाळतो आणि पंपावर जाऊन कॉफी पितो, जी आपल्या चर्चला एरवीही चालत नाही. कड्यावर पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. बाबांनी पिकअपची मागची फळी उघडून पाव आणि थंड मांसाचे तुकडे काढले, दोघांनी खाल्लं, मग ते दुधाच्या जुन्या कॅनमधून भरपूर पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, टोपी काढली आणि मान खाली घालून ओठातल्या ओठात प्रार्थना केली. टोपी घातली आणि म्हणाले, “झालं. आता उद्या सूर्य मावळल्यावर.” मला वाटलं थट्टा. मी म्हटलं, उपास एक दिवसाचा असतो, आपल्या गावचा बिशपसुद्धा सांगतो चोवीस तास पुरे, आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना तोही नाही, आणि या उन्हात पाण्याशिवाय तर कुणीच नाही. ते म्हणाले, “बिशपची मुलगी फिनलंडमध्ये नाही.” आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून चालू लागले.

उतरायची जागा तुला आठवत असेल: फट, त्यात अडकलेला जुना ओंडका, त्यावरून लोंबकळत खाली वाळूत. साठीचा माणूस, पण ते असे उतरले की मीच ओशाळलो. आत गेल्यावर मात्र मी सगळं विसरलो. आपल्या गावाभोवती एवढे दगड आहेत की आपल्याला दगड दिसत नाहीत. पण तिथे आत दोन्ही भिंती खांद्याला लागतात, आकाश म्हणजे वर एक वाकडी चीर, आणि ऊन त्या चिरेतून थेट खाली येत नाही. वरच्या कडेवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून परत अलीकडे, असं ठोकरत ठोकरत खाली येतं. वर पिवळं असतं, मध्ये भोपळ्यासारखं, आणि पायाशी येईपर्यंत जांभळं झालेलं. वाकडी भिंत शेवटच्या वळणावर आहे. कणीक मळता मळता कुणीतरी हाक मारल्यावर तशीच टाकून गेल्यासारखी. तिच्या पोटाखाली गार वाळू होती. बाबा वाळूवर हात ठेवून म्हणाले, “लहान असताना ती इथे झोपली होती. मी गाय शोधत होतो, आणि ही इथे झोपली. गाय सापडली तरी उठेना.”

अंधाराचा फोटो काढणं अवघड आहे, हे मला तिथे कळलं. कॅमेऱ्याचा डोळा पुरेसा वेळ उघडा ठेवला की तो सगळा अंधार पिऊन टाकतो आणि चित्र उजळ येतं, सुंदर येतं, कॅलेंडरवर लावण्यासारखं येतं. तुला ते नको होतं. म्हणून मी वेळ कमी करत गेलो. प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याची तिपाई हलवायची, वाळू झटकायची, श्वास धरायचा. बाबा मागे उकिडवे बसले होते. “एवढा वेळ?” म्हणाले. “एवढ्या वेळात मी बैल विकून आलो असतो.” मी म्हटलं, गप्प बसा, हलू नका, वाळू उडते. तुझ्या बाबांना ‘गप्प बसा’ म्हटलं. आणि ते बसले! सोबत दोन प्रिंट पाठवतोय. पहिली कॅलेंडरची आहे, आत्याला आवडली. दुसरीत जवळजवळ काही दिसत नाही. ती तुझी.

आभाळ आमच्या डोक्यावर निळंच होतं. गडगडाट झाला असेल तर आम्हाला ऐकू आला नाही. बाबा एकदम उभे राहिले आणि नाक वर करून थांबले. घळीतून गार वारा यायला लागला होता आणि त्याला भिजल्या धुळीचा वास होता. “चढ,” ते म्हणाले. मी म्हटलं, एकच फोटो. त्यांनी माझी कॉलर धरली, वासराला धरतात तशी, आणि मला त्या भिंतीवरच्या कपारीकडे ढकललं. कॅमेरा तिपाईवरून काढून मी गळ्यात अडकवला होता म्हणून राहिला. तिपाई, पिशवी, त्यातला पाण्याचा कॅन, दोर, सगळं खाली. मी कपारीत पोचलो, त्यांना हात दिला, आणि त्यांचा पाय निसटून गुडघा दगडावर आपटला तेव्हाच वळणावरून लोंढा आला. लाल, जाड, फांद्या आणि एक अख्खं झुडूप डोक्यावर घेऊन. आवाज असा की मी ओरडत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं. पाऊस कुठे डोंगरावर पडला, पाणी इथे. आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तरी वर निळं दिसलं की विश्वास बसत नाही.

पाणी ओसरायला वेळ लागला नाही. खाली उतरून बघितलं तर वाळू खरवडून गेली होती आणि उतरायच्या जागेचा ओंडका गायब. जिथून लोंबकळत आलो ती कडा आता माझा हात पोचतो त्याच्या दुप्पट उंच. खालच्या बाजूला घळ कड्यावरून हवेत संपते, ते तुला ठाऊक आहे. बाबा म्हणाले, “व्हॉन्डाला सांगून आलोय कुठे जातो. उद्या चर्चच्या सभेला दिसलो नाही की शोधतील.” आणि त्या कपारीवर पाय लांब करून बसले, जणू बसची वाट बघतायत. रात्री गार होतं, चाललं. पाणी माझ्या कमरेच्या बाटलीत होतं, आणि खाली खळग्यांत लोंढ्याचं साचलेलं. गाळ खाली बसू दिला तर पिता येत होतं. मी प्यायलो. त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी ऊन चढलं. भिंतीखालची गार जागा चिखलाने भरून गेली होती, आणि कपारीवर नेमकं डोक्यावर ऊन येत होतं, तेच ऊन जे मला हवं होतं. सकाळी ते नीट बोलत होते. व्हॉल्व्ह चुकीचा बसवला का, याची चर्चा केली. मग बोलणं कमी झालं. मग मला दिसलं की त्यांच्या कपाळावर घाम नाही. माझा शर्ट पिळता आला असता आणि त्यांचं कपाळ कोरडं, तव्यासारखं. मी बाटली पुढे केली. नको. मी विनवलं. मी म्हटलं, देव वेडा आहे का, त्याला दिसतंय तुम्ही कुठे बसलाय. ते म्हणाले, “देवाचं नाव जपून घे. तुझ्या तोंडाला कॉफीचा वास येतो, त्याला लांबूनही येत असेल.” एवढं बोलून हसलेसुद्धा. आणि पुढच्या घटकेला माझ्याकडे बघून म्हणाले, “ॲडील, दार लाव, वाळू येतेय.” तुझ्या आईचं नाव घेऊन, असं सहज, की मी मागे वळून दाराकडे बघितलं.

तेव्हा मला भीती वाटली. आणि मला भीती वाटली की काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी भडकलो. त्यांना खांद्याला धरून हलवलं, बाटलीचं तोंड त्यांच्या दातांवर दाबलं. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं, आणि त्यांनी मला अशी एक लगावली की कान वाजला. त्या धक्क्याने ते शुद्धीवर आले बहुतेक. म्हणाले, “पोरा, मी शब्द दिलाय. ती खंबीर राहावी, मधेच सोडून येऊ नये, यासाठी उपास धरलाय. तिच्या पत्रांत हल्ली काही नसतं. नुसतं हवामान लिहिते. माझी मुलगी कधी हवामानावर बोलली नाही. काहीतरी मोडलंय तिचं. मी एवढ्या लांबून दुसरं काय करू? मला लिहिताही येत नाही. मीही तिला हवामानच लिहितो.”

मार्लिस, मी तेव्हा सांगितलं. तू मना केलेलं सगळं. मी म्हटलं, तुम्ही ज्यासाठी मरायला बसलाय ते तिला नकोय. तिला घरी यायचंय. तिने फोन केला होता, रडत होती, तिला झोप येत नाही, जेवण जात नाही, लोकांची दारं वाजवायच्या आधी ती जिन्यात बसून राहते आणि मिशनवरच्या जोडीदारणीला सांगते बुटाची नाडी सुटलीय. ती तुम्हाला सांगत नाही, कारण मधेच परत आलेल्या पोरांकडे गाव कसं बघतं ते तिने बघितलंय. माझ्याकडे कसं बघतात ते बघितलंय. तुम्ही कसे बघता ते बघितलंय.

त्यांनी एकच विचारलं. “तुझ्यासाठी यायचंय तिला?”

मी खोटं बोलू शकलो असतो. गेले पाच आठवडे मी स्वतःशी तेच खोटं बोलत होतो, पंपावर, अंथरुणात, तुझ्या घरावरून मुद्दाम वळसा घालून जाताना. तू त्या फोनवर सगळ्यांची नावं घेतलीस. आत्याचं, कुत्र्याचं, तुझ्या घोडीचं. माझं घेतलं नाहीस. मी म्हटलं, नाही. माझ्यासाठी नाही. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोललो आणि ते तुझ्या बाबांसमोर बोललो, याहून वाईट जागा दुसरी नसती.

मला वाटलं आता ते पाणी पितील. तुझे बाबा! ते म्हणाले, “मग उपासाचा हेतू बदलायला हवा. ती सुखरूप घरी यावी. पण बदलला म्हणून मोडता येत नाही. उलट आता जास्तच धरायला हवा.” मी कपाळाला हात लावला. रडू येत होतं की हसू, कळत नव्हतं. आणि त्या रागातच माझ्या तोंडून गेलं, तुमचा उपास मी घेतो. द्या इकडे. घरात एकासाठी सगळे उपास करतात ना, मग एकाचा दुसऱ्याने पुरा केला तर देव काय नाही म्हणणार आहे? त्यांनी डोळे बारीक केले. “तू? तू आजवर काय पुरं केलंयस?” मी म्हटलं, काही नाही. “उरलेला अर्धा नाही चालणार. अर्ध्याची तुला सवय आहे. आत्तापासून पूर्ण दिवस. उद्या दुपारपर्यंत. आणि हेतू मोठ्याने बोलून धरायचा, मी ऐकेन.” मी म्हटलं, ऐका. “आणि आधी पोटभर पाणी पी, गाढवा. दोन प्रेतं उचलायला लावायची आहेत का व्हॉन्डाला?”

मी खळग्यातलं लाल पाणी पोट फुगेपर्यंत प्यायलो. टोपी काढली. मी मोठ्याने प्रार्थना करून किती वर्षं झाली असतील, शब्द कुठून सुरू करायचे तेच आठवेना. म्हटलं, स्वर्गातल्या पित्या, मार्लिसला घरी यायचं असेल तर तिला येऊ दे. तिला कुणी काही बोलू नये. तिला झोप लागू दे. आणि मी, असं म्हणालो, आणि थांबलो. तुझे बाबा वाट बघत होते. त्यांना माहीत होतं पुढे काय आहे. मी ते मागितलं नाही. आमेन म्हणालो. ते आमेन म्हणाले, हात पुढे केला, आणि बाटली घेतली. घोट घोट करून सगळी संपवली. शेवटच्या घोटानंतर म्हणाले, “तुझ्या बाटलीलाही कॉफीचा वास येतो.”

माणसं आली तेव्हा ऊन भिंतीच्या वर सरकलं होतं. सभेत बाबांची जागा रिकामी दिसल्यावर आत्या मधेच उभी राहून म्हणाली होती, माझा भाऊ डेल्मर उपासाच्या रविवारी आला नाही म्हणजे मेलाय किंवा अडकलाय, दोन्हीला दोर लागेल. त्यामुळे अर्धा गाव सभेच्या कपड्यांतच आला. पांढरे शर्ट, टाय, बिशपचे चकचकीत बूट. बाबांना वर ओढताना केंटने टाय दाताखाली धरला होता. आधी ते वर गेले, मग मी. वर आत्या डबा घेऊन उभी. हिरवी जेली, आत गाजराचे तुकडे, बर्फाच्या पेटीतून काढलेली, आणि लिंबाचं सरबत. मी नको म्हटलं. आत्या म्हणाली, याच्या डोक्यात ऊन गेलंय, धरा याला, तोंड उघडा. बिशपने खरंच माझे खांदे धरले. तेव्हा तुझे बाबा पिकअपच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले, “सोडा त्याला. त्याचा उपास आहे.” सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. थेनचा, उपास! केंट तर हसायलाच लागला होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो थांबला. सोमवारी दुपारी मी उपास सोडला, तुमच्या स्वयंपाकघरात. बाबांनी स्वतः अंडी तळली. करपली. खाल्ली.

त्या दिवशी टेबलावर ते म्हणाले, “तिला तू लिही. मला जमणार नाही.” म्हणून हे पत्र. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो: घरी ये. केव्हाही ये. मिशनच्या प्रमुखांना सांग, बाबांना माहीत आहे आणि बाबा विमानतळावर येणार आहेत. राहावंसं वाटलं तर राहा, पण ते माझ्यासाठी नको. एवढंच म्हणाले, आणि उठून टाकीकडे गेले. आता माझं. तू परत आलीस आणि मी इथे पंपावर उभा असलो, तर गाव म्हणेल, पोरासाठी पळून आली. तुझ्या जिन्यातल्या त्या नाडीबद्दल कुणी विचारणार नाही, सगळे माझ्याबद्दल विचारतील. बाबांनी हे म्हटलं नाही, मला स्वतःलाच सुचलं, आणि सुचल्यावर मी तुमच्या कुंपणाला लाथ मारली, एक फळी मोडली, ती बसवून दिलीय. मोआब गावात नदीवर होड्या नेणाऱ्यांकडे प्रवाशांचे फोटो काढायचं काम मिळालंय. शुक्रवारच्या बसने जातोय, म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी गावात नसेन. पाकिटामागे माझा तिथला पत्ता लिहिलेला नाही, चुकून नव्हे. तो तुझ्या बाबांकडे दिलाय. तुला कधी हवासा वाटला तर त्यांना विचार. समोर बसून विचार. ते देतील, असं त्यांनी मला कबूल केलंय.

तू नाव घे न घे, तरी तुझाच,
थेन